तीन खुणा सांगा

खैरनार सरांनी नोकरीला लागल्याबद्दल माझं अभिनंदन आजवर निदान पाच-सहा वेळा तरी केलंय. मी नोकरीला एकदाच लागले.

पहिलं अभिनंदन रीतसर होतं, त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या वेळी मी केस कापून आले होते. सर लिफ्टपाशी भेटले, हात जोडून म्हणाले, "या या, स्वागत आहे. नवीन ना? घाबरू नका हं, आठवड्याभरात हात बसेल." मला वाटलं, गंमत करतायत. मीही नव्या पोरीसारखी लाजून मान डोलावली. तर हा माणूस मला खरोखर माझ्याच खुर्चीपर्यंत घेऊन गेला आणि म्हणाला, "इथे सोनवणे मॅडम बसतात. त्या यायच्यात अजून. तोवर टेका."

सोनवणे मॅडम म्हणजे मी. माझ्याच खुर्चीत मी पाहुणी म्हणून बसले. तेवढ्यात मी घसा खाकरला. ती माझी सवय आहे, घरचे सगळे वैतागलेत तिला. सर गर्रकन वळले आणि एकदम प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "अरे, सोनवणे मॅडम! तुम्ही कधी आलात?"

तेव्हापासून या माणसाबद्दल माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला, तो कित्येक महिने मिटला नाही.

तसं आमचं कामच गोंधळाचं आहे म्हणा. मी शिकले बी.कॉम., उमेदीची वर्षं घालवली एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात तिकिटं काढण्यात, आणि ते ऑफिस बंद पडल्यावर येऊन पडले ते थेट पेशीत. सातपूरच्या बाजूला एका इमारतीत आमचं ऑफिस आहे. कुठकुठल्या प्रयोगशाळांमधून, खूप मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली काढलेले पेशींचे फोटो आमच्याकडे येतात. आम्ही माऊस धरून त्यातल्या एकेका भागाभोवती रेघ ओढायची आणि सांगायचं, हे केंद्रक, ही तंतुकणिका, हे गॉल्गी. अशा ढीगभर फोटोंवर रेघा ओढून झाल्या की म्हणे कॉम्प्युटर आपलं आपण ओळखायला शिकतो. शिकतो बिचारा. मी अजून शिकतेय.

नववीच्या पुस्तकात पेशी किती छान होती! केंद्रक जांभळं, तंतुकणिका केशरी, प्रत्येकीला बाण, बाणाच्या टोकाला नाव. इथे रंग नाही, बाण नाही. नुसतं राखाडी. सांडलेल्या रांगोळीवरून कुणी ओलं फडकं फिरवावं तसं. पहिल्या दिवशी मी तासभर डोळे फोडून त्यातली एक गोल, देखणी तंतुकणिका शोधून काढली आणि तिच्याभोवती जीव लावून रेघ ओढली. खैरनार सर शेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, रेघ फार सुरेख आलीय. पण हा डाग आहे. सॅम्पल तयार करताना पडलेला."

सर मूळचे सटाण्याचे. नाशकात एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि मग इथे आले. उंच, सडपातळ, बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटण लावलेलं. पडद्यासमोर बसले की ते वेगळेच होतात. मला जिथे सगळं एकसारखं राखाडी दिसतं, तिथे त्यांना गाव वसलेलं दिसतं. "ही बघा, कशी अंग चोरून बसलीय कोपऱ्यात. लयकारिका आहे. हिच्यामुळे पेशीतला कचरा निघतो हो, आणि कुणाचं लक्ष तरी आहे का तिच्याकडे?" असं म्हणतात आणि खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड करतात. फारच आनंद झाला की नाशिकची भाषा गळून पडते आणि सटाणा बाहेर येतं. "तीच शे! तीच शे!" असं ओरडतात, आणि अख्खं ऑफिस आपापल्या पडद्यावरून मान वर करून बघतं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. प्रत्येक फोटो दोन माणसांनी वेगवेगळा बघायचा, एकमेकांना न विचारता. दोघांच्या रेघा जुळल्या तर ठीक. नाही जुळल्या तर दोघांनी शेजारी बसून मिटवायचं. माझी जोडी सरांशी लावलेली. त्यामुळे आम्ही कायम शेजारीच बसलेलो असायचो.

आणि शेजारी बसलं की सरांचं एकच पालुपद. "तीन खुणा सांगा."

"सर, मला वाटतं ही तंतुकणिका आहे."

"वाटणं घरी ठेवून यायचं. तीन खुणा सांगा."

"लांबट आहे."

"लांबट तर भेंडीपण असते. आकारावर जायचं नाही मॅडम. गाजर आडवं चिरलं तर चकती, उभं चिरलं तर पट्टी. गाजर बदललं का? इथे पेशीचा काप कसा गेलाय कुणाला माहीत? तोंडावर जाऊ नका. बाहेरचा पडदा दुहेरी आहे का? आत निऱ्या आहेत का? निऱ्यांच्या मधली जागा गडद आहे का? झाल्या तीन. आता म्हणा तंतुकणिका."

"तंतुकणिका."

"आता नाही. हिच्यात निऱ्याच नाहीत."

असं दिवसभर. बरं, हे खूळ कामापुरतं असतं तर मी काही बोलले नसते. कॅन्टीनमध्ये उपमा समोर आला की हे विचारणार, "हा शिरा नाही कशावरून?" मी म्हणायची, मिरची आहे. "एक." कढीपत्ता आहे. "दोन." गोड नाही. "खाल्ल्याशिवाय सांगा." तोवर उपम्याचा दगड व्हायचा आणि मग ते स्वतःच म्हणायचे, "आज उपमा काही जमला नाही."

तर असा हा पक्का माणूस. तीन खुणा पटल्याशिवाय तंतुकणिकेलाही नाव न देणारा. आणि हाच माणूस माणसं ओळखायच्या बाबतीत इतका बेभरवशाचा, की बोलायची सोय नाही.

आमच्या साहेबांनी मिशी काढली त्या दिवशी सरांनी त्यांना सांगितलं, "पार्सल रिसेप्शनला ठेवा, सही तिथेच मिळेल." साहेब काही न बोलता केबिनमध्ये गेले आणि दिवसभर बाहेर आले नाहीत. भाजीबाजारात सरांनी सख्ख्या मेहुण्याला विचारलं, "कशी दिली जुडी?" मेहुणा त्या दिवसापासून बोलत नाही. हे सरांनीच मला सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. "हातात मेथी घेऊन उभा होता मॅडम. मी काय समजायचं?" कॉलेजात म्हणे त्यांच्या वर्गात कुणी बाक बदलला की ते भयंकर चिडायचे. पोरांना वाटायचं, शिस्तीचा माणूस.

वाटेत कुणीही दिसलं की सर आपले हसून विचारणार, "काय, बरंय ना? घरचे कसे आहेत?" ओळखीच्याला विचारणार, अनोळखी माणसालाही विचारणार, बँकेच्या दारातल्या बंदूकवाल्यालाही विचारणार. मेनरोडला कापडदुकानाबाहेरच्या पुतळ्यालाही त्यांनी नमस्कार केला, असं आमच्या ऑफिसातली पल्लवी शपथेवर सांगते. पण पल्लवीच्या शपथेचं काही खरं नाही.

ऑफिसात यावरून तट पडले होते. कुणी म्हणे, वय झालं. कुणी म्हणे, मोतीबिंदू. मी म्हटलं, मोतीबिंदू कसला डोंबलाचा? ज्याला पेशीतला ठिपका दिसतो, त्याला अख्खा साहेब दिसत नाही? माझं स्पष्ट मत होतं की हा माणूस मुद्दाम करतो. शिष्ट आहे. त्याला आपण सगळे ओळखण्याच्या लायकीचे वाटत नाही.

माझं हे स्पष्ट मत एका सकाळी पार्किंगमध्ये पार पालथं पडलं.

आता नाशकात राहणाऱ्याला हे सांगायला नको, की आमच्या पोरी स्कूटीवर बसताना तोंडाला जो स्कार्फ गुंडाळतात, त्यात फक्त डोळ्यांपुरती फट राहते. त्यावर पुन्हा गॉगल. सख्खी आई समोर आली तरी ओळखणार नाही. त्या सकाळी कुरिअरवाला पल्लवीचं पार्सल घेऊन उभा होता, आणि फाटकातून पाठोपाठ चार-पाच स्कूट्या आत आल्या. सगळ्या गुंडाळलेल्या. कुरिअरवाला ओरडतोय, "पल्लवी मॅडम कोण?" आणि पोरींच्या कानात इअरफोन. मी स्वतः बघत होते आणि मला एकही ओळखता येईना.

सर डबा हातात धरून माझ्या शेजारी उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "ती मधली. हेल्मेट काखेत मारलंय ती. तिच्यामागे कोमल. स्टँड लावताना दोनदा लाथ मारते ना, ती कोमलच. आणि ती लंगडतेय ती जाधवांची वैशाली, परवा जिन्यात पाय मुरगळलाय तिचा."

सगळ्या बरोबर! एकूण एक! माझा आ वासला तो वासलेलाच. कुरिअरवाल्याने तर सरांना हातच जोडले.

पल्लवी सही करून पुढे गेली, आणि आम्ही लिफ्टपाशी आलो तर ती स्कार्फ, गॉगल काढून सरांकडे बघत नुसती हसत उभी. सर तिच्या उघड्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर ते नेहमीचं हसू आलं. म्हणाले, "काय, बरंय ना? आपण... कुणाकडे आलात?"

मला काही सुधरेना. तोंड झाकलं की ओळखतो आणि उघडलं की विसरतो, हा काय प्रकार आहे? मी तिथल्या तिथे चिडून म्हटलं, "सर, हे नाटक आहे का?"

सर गोरेमोरे झाले. "तोंडावर जाऊ नका मॅडम," एवढंच पुटपुटले आणि लिफ्ट सोडून जिन्याने निघून गेले.

त्यानंतर सरांचं काहीतरी बिनसलं. माझ्या बोलण्याने असेल असं आधी वाटलं, पण तसं नव्हतं. ते कामात चुकायला लागले. खैरनार सर चुकतात म्हणजे काय! गॉल्गीच्या थराला त्यांनी भलतंच नाव दिलं. मी, म्हणजे चक्क मी, त्यांना म्हटलं, "सर, तीन खुणा?" तर म्हणाले, "सुचत नाहीये मॅडम." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "रविवारी सकाळी तासभर निघेल का तुमचा? द्वारका चौकात यायचंय. एक ओळख पटवायची आहे. दोन माणसांनी बघितलेलं बरं."

कुणाची, कशासाठी, काही नाही. घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "पोलीस केस वगैरे नाही ना?" मला तरी कुठे माहीत होतं? पण सरांचा आवाज असा आला होता की नाही म्हणवेना.

रविवारी उन्हाने सकाळीच डोकं वर काढलं होतं. द्वारका चौकात पुण्याच्या गाड्या थांबतात तिथे, पुलाच्या सावलीत, चहाच्या टपरीशी सर उभे होते. नवा शर्ट, नेहमीसारखी मनगटापर्यंत बटणं. मी लांबूनच मोठ्याने घसा खाकरला, म्हटलं उगाच पुन्हा अभिनंदन नको.

"या मॅडम," म्हणाले, आणि मोबाईल माझ्या हातात दिला. पडद्यावर एका मुलीचा फोटो. चोवीस-पंचवीसची असेल. कुरळे केस, बोलके डोळे.

"ही पुण्याच्या बसने येतेय. हिला ओळखायचंय."

"कोण ही?"

"माझी मुलगी. रेवा."

मी फोटोकडे बघितलं, सरांकडे बघितलं. म्हटलं, "सर, तुमची मुलगी आणि मी ओळखू? मी जन्मात पाहिली नाही तिला."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला चेहरे कळत नाहीत मॅडम. लहानपणापासून. नाक दिसतं, डोळे दिसतात, कपाळ दिसतं. सगळं वेगवेगळं नीट दिसतं. पण ते मिळून कोण, ते कळत नाही. मान वळवली की पुसलं जातं. त्याला शास्त्रात नाव आहे. मी वाचलंय सगळं. नाव कळल्याने काही फरक पडत नाही."

इतके दिवस मी या माणसाला शिष्ट म्हणत होते!

"मी चालीवर ओळखतो," सर सांगत होते. "आवाजावर, बसण्याउठण्यावर, चपलांवर. पडद्यावर ओळखतो तसंच. आणि आमची ही होती तोवर काही अडलं नाही. लग्नाकार्यात माझ्यापुढे अर्धं पाऊल चालायची. समोरून कुणी आलं की आधीच मोठ्याने, अगंबाई, नामपूरचे भाऊजी! अय्या, शोभाताई, किती बारीक झालात! की मला कळायचं कोण ते. लोक म्हणायचे, खैरनारांची बायको फार बडबडी. बडबडी नव्हती हो ती. घरात तासन् तास गप्प बसायची."

"आणि मुलीला?"

"तिला नाही सांगितलं. काय सांगू? की बापाला तुझं तोंड ओळखू येत नाही?" त्यांनी मनगटाचं बटण उगाच काढून पुन्हा लावलं. "शाळा सुटली की मी फाटकाशी नुसता उभा राहायचो. ती येऊन हात ओढायची, मग मी हसायचो. तिला वाटायचं, बाबा खेळ करतात. ही गेली, आणि त्याच वर्षी रेवाचा पदवीदान समारंभ होता पुण्यात. मी एकटाच गेलो. सगळ्या पोरींनी तेच काळे झगे, त्याच टोप्या. चाल दिसेना, कपडे दिसेनात. ती माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली होती म्हणे. काही न बोलता, हसत. बाबा काय म्हणतात बघू म्हणून. आणि मी तिच्या बाजूने पुढे गेलो, आणि एका दुसऱ्याच पोरीच्या हातात पेढा ठेवला. शाब्बास बाळा म्हटलं."

पुलावरून गाड्या धडाडत होत्या. सरांनी रुमालाने चष्मा पुसला.

"ती वेगळ्या विषयाला गेली होती ना, माझ्या मनाविरुद्ध. तिला वाटलं, बाबांनी मुद्दाम केलं. राग काढला. तेव्हापासून आली नाही. फोन करते, जेवलात का, गोळी घेतली का. परवा म्हणाली, मी येते बाबा, द्वारकेला घ्यायला या. पण या वेळी मी हाक मारणार नाही. तुम्ही मारा. आजवर एकदाही तुम्ही मला आधी हाक मारलेली नाही, असं म्हणाली. खरंय ते."

"अहो, मग कुठल्या रंगाचा ड्रेस घालणार ते तरी विचारायचं!"

"विचारलं. म्हणाली, लेकीला ओळखायला ड्रेसचा रंग लागतो का बाबा?"

मी फोटो डोळ्यांपुढे धरला आणि मनाशी म्हटलं, बाई सोनवणे, आज डागाला तंतुकणिका म्हणू नकोस. कुरळे केस, रुंद कपाळ, हनुवटीवर बारीक तीळ. म्हटलं, सर, काळजी करू नका, मी बरोबर हेरते. तुम्हाला कोपराने ढोसते. तुम्ही फक्त हाक मारा.

बस आली. धुराचा लोट सोडत थांबली. दार उघडलं आणि माणसं उतरायला लागली, आणि माझं अवसानच गळालं. उघड्या खिडक्यांची बस, मे महिना, संगमनेर-सिन्नरची सगळी धूळ. एकूण एक पोरी तोंड गुंडाळून उतरत होत्या. निळा स्कार्फ, फुलाफुलांचा स्कार्फ, पांढरा स्कार्फ, वर गॉगल. कुरळे केस आत, कपाळ आत, तीळ आत. हातात फोटो असून मी आंधळी झाले होते.

"सर, ती! निळ्या स्कार्फवाली! तिचे डोळे..."

"डोळे नकोत," सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मघाचा चष्मा पुसणारा माणूस तिथे नव्हता. सर पडद्यासमोर बसतात तसे उभे होते. ताठ. श्वाससुद्धा हळू. निळ्या स्कार्फवाली समोरून निघून गेली, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. फुलाफुलांची उतरली, गेली. मग एक पांढऱ्या स्कार्फवाली दारात आली, खालच्या पायरीवर क्षणभर थबकली आणि डावा पाय आधी टाकून उतरली. सर पुटपुटले, "एक." तिने पाठीवरची सॅक काढून पुढे घेतली, दोन्ही हातांनी पोटाशी धरली. "दोन."

"सर, हीच! मारा हाक!"

"दोनच झाल्या."

"अहो, ती चालली! तीन कशाच्या बघताय? ही काय पेशी आहे का?"

"पुन्हा चुकीच्या पोरीला शाब्बास म्हणू का मी?" सर दबक्या आवाजात ओरडले.

पांढऱ्या स्कार्फवाली आमच्या समोरूनच जात होती. तिने आमच्याकडे बघितलं असावं; गॉगलमागचं काही कळत नव्हतं. ती थांबली नाही. चार पावलं पुढे गेली. मला वाटलं, गेलं, संपलं सगळं. आणि तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं. ती तशीच वळली, बसच्या खिडकीशी गेली आणि मान वर करून ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली. आवाज आमच्यापर्यंत आलासुद्धा नाही, मला नुसती हलणारी मान दिसली आणि ड्रायव्हरने उचललेला हात दिसला.

"रेवा!"

द्वारका चौकातला तो सगळा गोंगाट फाडून हाक गेली. टपरीवाला दचकला. "रेवा! ये माय!"

मुलगी होती तिथेच उभी राहिली. मग सॅक सावरत धावत आली आणि सरांपासून हातभर अंतरावर थांबली.

"बाबा? तुम्ही ओळखलंत? एवढं तोंड बांधलेलं असताना?"

"ओळखलं."

"तीन खुणा सांगा," ती म्हणाली. आवाज ओला होता.

"खालच्या पायरीवर थांबतेस. लहानपणी पडली होतीस तिथे, सप्तशृंगीला जाताना, तेव्हापासून. सॅक पोटाशी धरतेस. आणि ड्रायव्हरला 'येते हं काका' म्हटल्याशिवाय तुझा पाय निघत नाही. ती तुझ्या आईची खोड."

मी दोघांकडे पाठ केली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि रुमाल घरी राहिला होता. पण कान काही मला मिटता येत नाहीत.

"मग त्या दिवशी काय झालं होतं बाबा? त्या दिवशी तर तोंड उघडं होतं माझं. अगदी पुढ्यात उभी होते मी." असं म्हणत ती स्कार्फची गाठ सोडायला लागली. गाठ सुटली, एक वेढा निघाला, दुसरा निघाला. कुरळे केस, रुंद कपाळ, हनुवटीवरचा तीळ. फोटोतली मुलगी. मी वळून बघितलं तर सरांच्या तोंडावर ते हसू हळूहळू यायला लागलं होतं. काय बरंय ना, घरचे कसे आहेत, वालं. पण त्यांनी ते आवरलं आणि तिच्या सॅकचा पट्टा घट्ट धरला.

"मला तोंड ओळखू येत नाही गं," ते म्हणाले. "कुणाचंच. तुझंही. आता समोर आहेस, तरी या पट्ट्यावरचा हात सोडला आणि तू त्या पोरींमध्ये जाऊन गप्प उभी राहिलीस, तर मला शोधता यायची नाहीस. त्या दिवशी मी तुला टाळलं नाही माय. मी तुलाच शोधत होतो."

रेवाने पट्ट्यावरच्या त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणून आई सगळ्यांची नावं घेऊन बोलायची?"

"हो."

"प्रत्येकाची?"

"प्रत्येकाची."

तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले. गळ्यात लोंबणारा तो पांढरा स्कार्फ उचलला, डोक्यावरून घेतला, एक वेढा, दुसरा वेढा, आणि मागे पुन्हा गच्च गाठ मारली. मग सरांच्या कोपरात हात घातला आणि म्हणाली, "चला बाबा."

रिक्षात आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो. मला वाटेत मुंबई नाक्याला उतरायचं होतं, तरी मी त्यांच्या घरापर्यंत गेले. ऊन मी म्हणत होतं. रिक्षावाला आरशातून दोनतीनदा बघून शेवटी म्हणाला, "ताई, सोडा आता ते फडकं. लय उकडत असंल."

"असू दे दादा," रेवा म्हणाली.

इंदिरानगरला त्यांचं घर येईपर्यंत तिने तो स्कार्फ सोडला नाही.